आरोग्यसेवेचे शिक्षण : तयारी नववीपासूनच
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आरोग्यक्षेत्रातील शिक्षणाविषयी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. आपल्याकडे ही चर्चा एम.बी.बी.एस.पासून सुरू होते आणि 'नीट' परीक्षेत गुण कमी पडले की तिथेच थांबते. जणू काही डॉक्टर व्हायचे, नाहीतर काहीच नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये कितीतरी मानाची कामे आहेत. त्यांपैकी एकाचे उदाहरण घेऊन मी आज माझे म्हणणे मांडणार आहे. ते काम म्हणजे फिजिशियन असिस्टंट, अर्थात डॉक्टरांचा प्रशिक्षित सहायक.

हा अभ्यासक्रम अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी सुरू केला. डॉक्टरांची टंचाई होती आणि नौदलात रुग्णसेवेचे काम केलेले अनुभवी जवान घरी परतत होते. अशा चार जणांची पहिली तुकडी निघाली. आपल्या देशात १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने हे शिक्षण सुरू झाले. रुग्णाची हकिकत लिहून घेणे, त्याला तपासणे, तपासण्यांचे अहवाल जमवणे, शस्त्रक्रियेत मदत करणे, रुग्ण घरी जाताना त्याचा कागद तयार करणे, ही कामे तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतो. २०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यातील दहा गटांत या व्यवसायाला स्थान मिळाले आहे.

आता मुख्य मुद्दा प्रवेशाचा. अमेरिकेत आधी पदवी आणि नंतर हे शिक्षण, असा क्रम आहे. मात्र तेथील काही महाविद्यालये पदवीच्या सुरुवातीलाच, काही तर शाळा संपतानाच, विद्यार्थ्याला सांगतात, "तुझी पुढची जागा आम्ही राखून ठेवतो. तू इतके गुण टिकव, ठरलेले विषय पूर्ण कर, रुग्णसेवेचे इतके तास भर." म्हणजे जागा आधी आणि अटी नंतर. मुलाला आपला रस्ता चार वर्षे अगोदर दिसतो.

आपल्याकडे हे शिक्षण बारावीनंतर थेट पदवीचे आहे. एक वर्षाच्या प्रत्यक्ष सरावासह चार वर्षांचे. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आपल्या मुलाचा खरा प्रवेश बारावीनंतर ठरत नाही. दहावीचा निकाल लागल्यावर अकरावीचा अर्ज भरतानाच तो ठरतो. पंधरा-सोळा वर्षांचे मूल, घरात सल्ला द्यायला कोणी नाही, मैत्रीण कला शाखेला गेली म्हणून आपणही गेलो, असा तो निर्णय होतो. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे, कला शाखेला मी कमी लेखत नाही. पण ती निवडताना कोणते दार बंद होते, हे मुलाला ठाऊक असले पाहिजे.

गणिताची भीती वाटते म्हणून विज्ञान नको, असे अनेक मुली सांगतात. पालकहो, अकरावी-बारावीला गणित न घेता जीवशास्त्रासह विज्ञान शाखा घेता येते! एवढी एक गोष्ट वेळेवर कळली नाही, म्हणून किती मुली या वाटेला वळल्याच नसतील.

दुसरी तयारी कागदपत्रांची. आरक्षणाने आपल्यासाठी जागा राखली आहे, परंतु ती जागा कागद हातात घेऊन येणाऱ्यालाच मिळते. बौद्ध झालेल्या आपल्या बांधवांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधा. ते शाळेत गेले नसतील तर तहसील कचेरीत जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे कोतवाल बुक, बघा. हे काम आठ दिवसांत होत नाही. नववीत सुरुवात केली तर बारावीपर्यंत जात पडताळणी प्रमाणपत्र हाती येईल.

तिसरी गोष्ट पैशाची. बँकेच्या काउंटरवर बसणारा माणूस म्हणून सांगतो, चार लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचे नाही, असा नियम आहे. आई किंवा वडील सहकर्जदार होतात. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, व्याज मात्र चढत असते. म्हणून आधी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे. उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज घ्या. शेताचा तुकडा सावकाराकडे ठेवू नका.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. फिजिशियन असिस्टंटला काम मिळते ते मुख्यतः शहरांतील मोठ्या खाजगी रुग्णालयांत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नेहमीच्या पदांत हे पद नाही. तेथे औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचारिका, आरोग्य सेविका लागतात. गावाजवळ राहून नोकरी करायची असेल तर त्या शिक्षणाचा आधी विचार करा. ज्यांनी कला शाखा घेतली आहे त्यांनीही निराश होऊ नये. सहायक परिचारिका प्रसाविका आणि जनरल नर्सिंग या अभ्यासक्रमांना कला शाखेची मुले पात्र ठरतात. मात्र प्रवेशाचे नियम दरवर्षी नव्याने वाचा. आणि जाहिरात पाहून पैसे भरू नका. विद्यापीठाची संलग्नता आणि शासनाची मान्यता कागदावर पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

बंधू-भगिनींनो, विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडला होता. तो कोणाच्या कामाचा नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. मग संघाला एकत्र करून समजावले की, रुग्णाची सेवा हीच माझी सेवा समजा. आपल्या धम्मात रुग्णसेवेचे स्थान हे असे आहे. तलासरीच्या सीमेवरचा रुग्ण आजही उपचारासाठी वलसाड-सिल्वासाकडे जातो. डहाणूचा रुग्ण गाडी धरून मुंबई गाठतो. रात्री-अपरात्री त्याच्याशी वारलीत बोलणारे, त्याचे दुखणे समजून घेणारे माणूस रुग्णालयात असेल तर त्याचा निम्मा भार हलका होईल. ते माणूस आपल्याच घरातून तयार व्हायचे आहे.

म्हणून संस्थेला माझी विनंती आहे. गुणगौरव बारावीनंतर करतोच, पण दरवर्षी नववीतील काही मुले-मुली निवडाव्यात. प्रत्येकाची एक फाईल करावी. त्यात दाखले, गुणपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज ठेवावेत. नोकरी करणाऱ्या एकेका सभासदाने एकेका मुलाचे पालकत्व घ्यावे आणि अकरावीचा अर्ज भरण्याच्या दिवशी त्याच्या शेजारी बसावे. सुट्टीत त्यांना जवळच्या रुग्णालयात नेऊन तिथले काम दाखवावे. परदेशात महाविद्यालय मुलाला अगोदर शब्द देते. आपल्याकडे तो शब्द समाजाने द्यायचा आहे. बँकेच्या कर्जाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम मी माझ्याकडे घेतो. ज्यांना गरज आहे त्यांनी रविवारी संस्थेच्या कार्यालयात यावे.



जयभीम! नमो बुद्धाय!