तिचा शब्द तिच्याच तोंडी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मी समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे, व्यवसायाने संकलक नाही. पण आज आपण बायकांच्या मुलाखती फोनवर घेतो आणि संगणकावर आपणच त्या जोडतो. म्हणून टाइमकोड काय असतो हे ‘ते तांत्रिक आहे’ म्हणून दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही.

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमचा पत्ता. तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असे चार आकडे. ००:१२:३०:०८ म्हणजे बारा मिनिटं, तीस सेकंद आणि आठ क्रमांकाची फ्रेम. आपल्याकडे व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेमची पद्धत आहे. अमेरिकी पद्धतीत २९.९७. ही २९.९७ आपण ३० समजून मोजली, तर तासाला ३.६ सेकंदांची चूक होते. म्हणून काम सुरू करतानाच फ्रेमचा वेग ठरवा आणि मध्येच बदलू नका.

पूर्वी फिल्मवर चित्र आणि टेपवर आवाज असे वेगवेगळे घेत, आणि पाटी आपटून दोन्ही जुळवत. ‘युगांतर’ गटाने १९८१ साली पुण्यातल्या घरकामगार बायकांवर ‘मोलकरीण’ केला, तो याच फिल्मच्या काळात. आज फोनवर चित्र आणि वेगळ्या माइकवर आवाज घेतलात, तर गरज तीच आहे. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवा, शेवटी पुन्हा एकदा. हात जुळतात ती फ्रेम आणि टाळीचा आवाज एकावर एक ठेवा.

मग शेवटची टाळी तपासा. सुरुवातीची जुळते, शेवटची जुळत नाही, तर आवाज हळूहळू सरकतोय. याचं नेहमीचं कारण म्हणजे फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो. अशा वेळी नुसता आवाज पुढेमागे ढकलून भागत नाही. आधी ती फाइल ठरलेल्या एकाच वेगात बदलून घ्या. जुळल्यावर चित्र आणि आवाज एकत्र बांधून टाका, म्हणजे एका पट्टीवर कात्री चालवली की दुसरी मागे राहणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? समजा, लैंगिक अत्याचार सोसलेली बाई बोलतेय. आपण तिचा चेहरा झाकला, गावाच्या नावावर ‘टीं’ असा आवाज टाकला. नंतर कोणीतरी आधीचं एक वाक्य कापलं आणि आवाजाची पट्टी तेवढी सरकली. आता ‘टीं’ भलत्याच शब्दावर वाजतो आणि गावाचं नाव स्वच्छ ऐकू येतं. चेहऱ्याची एकच फ्रेम उघडी राहिली, तरी चित्र थांबवून पाहणाऱ्याला ती पुरते. अशा बाईची ओळख उघड करणं, काही अपवाद सोडले तर, गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ७२ लागू आहे. पण कायद्याच्याही आधी आपण तिला शब्द दिलेला असतो.

म्हणून प्रत्येक बदलानंतर सगळी फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा आणि ऐका. झाकलेल्या जागा फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन तपासा.

आणखी एक. मुलाखत कागदावर उतरवताना समासात फाइलचं नाव आणि टाइमकोड लिहा. ‘नवऱ्याबद्दल बोलले ते काढा’ असं तिने सांगितलं की ती जागा लगेच सापडेल. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवलं गेलंय का, हेही त्या आकड्यांवरून कळतं. मूळ फाइल मात्र कधी कापू नका. काम नेहमी प्रतीवर करा.

आजवर बायकांच्या तोंडी इतरांनी हवे ते शब्द घातले. आपल्या टेबलावर तरी तसं होऊ नये. तयार झालेली फीत आधी तिला दाखवा आणि तिने हो म्हटल्यावरच बाहेर काढा.