हात का हलतो?



यंत्रमागाची खटखट आपल्या कानांत इतकी मुरली आहे की ती थांबली म्हणजेच आपण दचकतो. तेच ते पुन्हा पुन्हा होण्याचा राग आपल्याला तरी नसावा! पण एखादे मूल डोळ्यांपुढे बोटे नाचवीत तासभर बसले, की आई हात धरते, आजी दृष्ट काढते, वडील ओरडतात. आम्हीही पूर्वी पालकांना "हात धरून ठेवा" असेच सांगत असू. तो सल्ला चुकीचा होता.

ह्या अवस्थेस स्वमग्नता म्हणतात. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तीतही ही पुनरावृत्ती ठळक आहे. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत लोवास ह्यांनी खाऊ व शाबासकी देऊन मुलांना शिकविले; पण त्याबरोबर चापट आणि विजेचे झटकेही वापरले. हे ऐकून आपल्याला शहारे यावेत. मात्र आपल्या घरातली चापट आपल्याला दिसत नाही.

सवय थांबवावी कशी, हा प्रश्नच उशिराचा आहे. ती मुलाला काय मिळवून देते, हे आधी पाहावे. १९८५ साली कार व ड्युरंड ह्यांनी दाखविले, की धडा अवघड झाला वा लक्ष मिळेनासे झाले म्हणजे काही मुले त्रागा करतात. त्यांना मदत मागण्याचे वा लक्ष वेधण्याचे साधे शब्द शिकविले, की त्रागा कमी होतो.

तेव्हा एक वही घ्या. डुलणे सुरू होण्यापूर्वी काय घडले आणि नंतर मुलाला काय मिळाले, हे पंधरा दिवस लिहा. शेजारचा माग सुरू झाला की डुलणे वाढते? मग दोष आवाजाचा. त्याला निवांत कोपरा द्या. पुस्तक पुढे ठेवले की सुरू होते? मग "पुरे" दाखविणारे चित्राचे कार्ड त्याच्या हाती द्या आणि त्याने ते दाखविताच खरोखर थांबा. कार्डाला मान दिला नाही, तर मूल जुन्याच भाषेकडे वळेल. डुलून हवे ते मिळत होते ते बंद झाले, की पहिले काही दिवस डुलणे उलट वाढू शकते. बहुतेक घरे नेमकी तेव्हाच हात टेकतात.

डोके आपटणे मात्र वेगळे. तिथे वहीची वाट पाहू नका. आधी डॉक्टरांकडून दात, कान, पोट तपासून घ्या. न बोलणारे मूल दुखणे असेही सांगते.

आणि काही न दुखता, कुणाला न दुखविता, केवळ आनंदासाठी ते बोटे नाचवीत असेल तर? शेजारी हसतात म्हणून ते थांबवायचे काय? मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक सांगतात, की त्याने मन शांत होते. तेव्हा त्या मुलाला नाचवू द्या, आणि शेजाऱ्यांना आमच्याकडे पाठवा.