हरितकणांचे हात



शाळेच्या पुस्तकातील पेशीच्या चित्रात हरितकण, ज्यांना आता हरितलवक म्हणतात, मसुरीच्या डाळीसारखे सुटेसुटे मांडलेले असतात. ऊन घ्यावे, साखर करावी आणि जागच्या जागी पडून राहावे, एवढेच जणू त्यांचे काम! जिवंत पेशीत पाहिले तर या कणांच्या अंगातून बारीक नळ्या फुटतात, लांब होतात, वाकतात आणि थोड्याच वेळात पुन्हा आत ओढल्या जातात. त्यांची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. आत हरितकणातलाच रस, म्हणजे स्ट्रोमा. म्हणून त्यांना नाव पडले स्ट्रोम्यूल. हरिद्रव्य मात्र त्यांत नसते, त्यामुळे त्या सहज दिसत नाहीत.

हाबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञाने अशी सूत्रे १८८८ सालीच पाहिली होती. १९६२ मध्ये अमेरिकेत वाइल्डमन यांनी पालकाच्या जिवंत पेशींचे चलच्चित्र घेतले; त्यातही ती दिसली. तरी पुस्तके बदलली नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशी मारून तिचे पातळ काप घ्यावे लागतात, आणि कापात नळीचा उरतो एक ठिपका. शेंगेची एक चकती पाहून तिची लांबी कशी कळावी?

१९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मॉरीन हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी जेलीफिशचे चमकणारे प्रथिन हरितकणांत उतरवले, आणि नळ्या उजळल्या. प्रथिन एका कणातून दुसऱ्यात जाते, असेही त्यांनी म्हटले. २०१२ साली कॅनडात जयदीप माथुर यांच्या प्रयोगशाळेने रंग बदलणारे प्रथिन वापरले. एक कण लाल केला, शेजारचा हिरवाच ठेवला. नळ्या एकमेकींना भिडल्या, पण रंग मिसळले नाहीत. दोन्ही प्रयोग नामांकित. मला दुसरा अधिक पटतो, कारण त्यात डोळ्यांची फसगत होण्यास वाव कमी आहे.

मग हे हात कशासाठी? कॅप्लन, दिनेश-कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की झाडाने रोगाचा हल्ला ओळखला की नळ्या वाढतात आणि काही थेट पेशीकेंद्राला जाऊन भिडतात. हरितकणातील हायड्रोजन पेरॉक्साइड तिकडे पोहोचते. रोग पसरू नये म्हणून ती पेशी स्वतःच मरते. हरितकणाला जागेवर धरून ठेवणारे एक प्रथिन काढून टाकले, तेव्हा हात वाढले आणि हा मृत्यू लवकर आला. नळ्या नुसती शोभा नव्हेत, असे मानायला हा बळकट आधार आहे.

आपल्या शिरूर अनंतपाळच्या शिवाराशी संबंध येतो तो पाण्याच्या ताणाचा. ताण पडला की अॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक पानांची रंध्रे मिटवते. केंब्रिजच्या जॉन ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की याच संप्रेरकामार्फत ताणाने हरितकणांच्या नळ्याही वाढतात. पाऊस ओढ देतो, सोयाबीन मान टाकते, तेव्हा आत काय हालचाल चालत असेल याची यावरून कल्पना करता येते. पण उद्या कोणी या नळ्यांच्या नावाने दुष्काळात तगणारे बियाणे विकू लागला, तर त्याला आधी पीक कोणते ते विचारा. केंब्रिजचे प्रयोग तंबाखूवर आणि गव्हावर झाले, आणि तेही प्रयोगशाळेत.