लाल टोपी, पांढरी टोपी

जपानमध्ये शिकायला गेलेल्या परदेशी मुलामुलींना तिथली भाषा वर्गाबाहेर कुठे भेटते? कधी कधी मैदानावर, 'उन्दोकाई'त. उन्दोकाई म्हणजे गमतीदार खेळांची स्पर्धा. १८७४ साली टोकियोतल्या नौदल विद्यालयात इंग्रज शिक्षकांच्या पुढाकारानं ती पहिल्यांदा भरली, असं मानतात. संघ बहुधा दोनच, लाल टोपीचा आणि पांढऱ्या टोपीचा. हे रंग बाराव्या शतकात लढलेल्या ताइरा आणि मिनामोतो या घराण्यांच्या निशाणांचे. तीन पायांची शर्यत, रस्सीखेच हे तर आपल्याही शाळेतले खेळ. पण दोरीला टांगलेला पाव हात न लावता दातांत पकडून पळायचं, हे नवलच! पाव हेलकावे खातो, नाकावर आपटतो, दातांत काही येत नाही.

मला सगळ्यांत लोभस वाटते ती 'तामाइरे'. उंच खांबावरच्या टोपलीत छोटे मऊ चेंडू फेकायचे. वेळ संपली की दोन्हीकडचे चेंडू एकेक करून हवेत उडवत सगळे मोठ्यानं मोजतात, इचि, नि, सान... त्या गजरात आवाज मिसळता मिसळता नवख्या विद्यार्थ्याचे जपानी आकडे पाठ होऊन जातात. मग एका टोपलीतले चेंडू संपतात, आणि दुसरीकडची मोजणी चालूच राहते.