भिंतीवरचे अक्षर

(बार्शी येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शब्दाच्या अर्थाइतकेच त्याच्या आकाराला, जागेला आणि भोवतीच्या रिकामपणाला महत्त्व देणारा कवितेचा एक प्रवाह १९५० नंतर जगभर पसरला. त्याला काँक्रीट कविता म्हणतात. मराठीत दृश्यकविता म्हणता येईल. बार्शीसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात या अक्षरखेळाचे काय प्रयोजन, अशी शंका कार्यकर्त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ती झटकून टाकण्याजोगीही नाही.

अक्षरांचा खेळ या देशाला नवा नव्हे. भारवी आणि माघ यांच्या महाकाव्यांत चित्रबंध आढळतात. श्लोकाची अक्षरे कमळाच्या पाकळ्यांत किंवा तलवारीच्या पात्यावर बसवण्याची ही विद्या पंडितांनी पंडितांसाठी जोपासली. बहुसंख्यांना अक्षरच नाकारणाऱ्या समाजात ती विद्वत्तेची मिरवणूक ठरली, यात नवल नाही.

परंतु तेच साधन दुसऱ्या हाती गेले की त्याचे कार्य पालटते. १९५२ साली ब्राझीलमधील साओ पावलो शहरात काम्पोस बंधू आणि देसियो पिन्यातारी या तरुण कवींनी 'नोइगांद्रेस' हा गट स्थापन केला. १९५७ साली पिन्यातारी यांनी एका अमेरिकन शीतपेयाच्या जाहिरातीतील शब्द घेतले, त्यांची अक्षरे फिरवली आणि शेवटी पोर्तुगीज भाषेतला 'गटार' या अर्थाचा शब्द उभा केला. भांडवलदाराचीच अक्षरे त्याच्यावर उलटवण्याचा हा प्रयोग होता.

मराठीत ही वाट चोखाळली ती र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी. कवी, सुलेखनकार आणि जाहिरातकलेचे जाणकार असलेल्या जोशींनी देवनागरीची वळणे कवितेत आणली. पुढे पवईच्या आय. आय. टी.त त्यांनी अध्यापन केले. संगणकावर मराठी वाचणाऱ्या असंख्यांच्या डोळ्यांपुढे आलेला 'मंगल' हा टंक त्यांच्याच हातचा. कवितेत कसाला लागलेली नजर अशी लोकांच्या उपयोगी पडली.

ही नजर कार्यकर्त्यालाही हवी. 'पाणी द्या' ही घोषणा भिंतीवर इतक्या वेळा लिहिली गेली आहे की ती आता कोणी वाचत नाही. त्याऐवजी एखाद्या भिंतीवर एवढेच लिहिले तर?

पाणी
पाण
पा
प

नजर खाली उतरते तशी विहीर आटत जाते आणि शेवटी कोरडी भिंत उरते. या चार ओळींना स्पष्टीकरण लागत नाही.

एके काळी गावोगावचे पेंटर दोरीने शिरोरेषा आखून, अक्षराअक्षरातले अंतर मोजून घोषणा रंगवीत. कवितेचे शास्त्र त्यांना ठाऊक नसेल, जागेचे होते. छापील फ्लेक्स आले आणि त्यांचा रोजगार बुडाला. फलकावर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे झाले, शब्द मात्र आक्रसत गेले. यात पुरोगामी म्हणवणारेही मागे राहिले नाहीत, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा पुढच्या पाणी-परिषदेची तयारी सुरू होईल, तेव्हा छापखान्याकडे धावण्याआधी कार्यकर्त्यांनी गावातल्या एखाद्या जुन्या पेंटरचे दार ठोठवावे. त्याला मजुरी द्यावी, एक भिंत द्यावी आणि कोणता शब्द कोठे, केवढा लिहायचा, हे त्याच्याबरोबर बसून ठरवावे.