वारस कोण? चेन्नईच्या दफ्तरातली मराठी घराणी



चेन्नईच्या एग्मोर स्टेशनजवळ, गांधी-आयर्विन रस्त्यावर, लाल विटांची एक भलीमोठी इमारत आहे. १९०९ साली मद्रास रेकॉर्ड ऑफिस म्हणून ती उभी राहिली. आज तिला तमिळनाडू अभिलेखागार म्हणतात. मी तिथे नोकरीला नाही. संशोधकाच्या परवान्यावर वाचनकक्षात बसते आणि लोकांना त्यांच्या घराण्याचे कागद शोधायला मदत करते. माझ्याकडे येणाऱ्यांत तंजावर, कुंभकोणम या बाजूची मराठी कुटुंबं पुष्कळ. घरात मराठी, बाहेर तमिळ, शाळा-कचेरीत इंग्रजी, असा त्यांचा कित्येक पिढ्यांचा शिरस्ता. बहुतेकांची मागणी एकच असते: मूळ पुरुषापर्यंत वंशावळ लावून द्या.

ही मागणी मला समजते. महाराष्ट्रात कुलवृत्तांत छापून झाले, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावं आहेत. मग साडेतीनशे वर्षं कावेरीकाठी राहिलेल्यांनाही आपलं मूळ हवंसं वाटणारच. पण सरकारी दफ्तर काही कुणाचा मूळ पुरुष सांगायला बसलेलं नाही. सरकार एखाद्या कुटुंबाची नावं नात्यासकट लिहून काढतं, ते बहुधा कुणाच्या तरी हक्काविषयी प्रश्न उभा राहिला म्हणून. जमीन कुणाकडे जाणार, पेन्शन कुणाला मिळणार, गादीवर कोण बसणार. वारस कोण, या प्रश्नाच्या आसपासच आपल्याला आपले पूर्वज सापडतात. तेव्हा कागद हातात आला की पहिलं विचारायचं ते हे, की तो कुणी, कधी आणि कशासाठी करून घेतला.

याचं सर्वांत मोठं उदाहरण कागदावर नाही, दगडावर आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा वंश मराठीत कोरला गेला. आपल्या भाषेतला हा सर्वांत मोठा शिलालेख म्हणून ओळखला जातो. त्यात घराणं अगदी मागे नेलं आहे आणि तिथून पिढ्या उतरवत उतरवत सरफोजी राजांपर्यंत आणलं आहे. आपली माणसं तंजावरला जातात, त्या भिंतीसमोर उभी राहतात, अभिमानानं छाती भरून येते. यावी. पण १८०३ हे साल लक्षात घ्या. त्याआधी सोळा वर्षं काय चाललं होतं?

१७८७ साली तंजावरच्या गादीवरचे तुळजाराजे वारले. मुलगा नव्हता, म्हणून मृत्यूपूर्वी त्यांनी भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतला सरफोजी हा दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला होता. इंग्रजांनी पंडितांचं मत मागवलं. मुलगा आईबापांचा एकुलता एक, वय जास्त, राजाची प्रकृती ठीक नव्हती, अशी कारणं पुढे आली, दत्तक नामंजूर झालं आणि तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर आले. पुढे श्वार्ट्झ या मिशनऱ्यानं सरफोजींची बाजू उचलून धरली. मुलाला १७९३च्या सुमारास मद्रासला हलवलं, तिथेच त्याचं शिक्षण झालं. पंडितांना पुन्हा विचारलं गेलं. या खेपेला दत्तक शास्त्रशुद्ध ठरलं. १७९८ साली सरफोजी गादीवर बसले आणि १७९९च्या तहानं राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. शिलालेख त्यानंतर चार वर्षांनी कोरला गेला.

त्या भिंतीवरचं सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्या वारसपणाचा दोनदा निवाडा झाला, त्या माणसानं आपला वंश जगातल्या सर्वांत टिकाऊ जागी लिहून ठेवला, हे मला त्यात दिसतं. असा वंशलेख वाचताना शेवटची तीन-चार नावं आधी वाचावीत. भांडण तिथे झालेलं असतं.

शिलालेखानंतर ५२ वर्षांनी याच घराण्यावर पुन्हा तीच वेळ आली. १८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे वारले. मागे राण्या आणि दोन मुली, मुलगा नाही. कंपनीनं राज्य तर खालसा केलंच, शिवाय वाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो फिरवला: ही राज्यसत्तेची कृती आहे, यात न्यायालयाला हात घालता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला शिकतात. पुढे १८६२ साली सरकारनं आपण होऊन खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली, तेव्हा राण्यांमध्येच वाटणीचा वाद लागला आणि तो १८६८ साली मद्रास हायकोर्टाच्या निकालात छापून आला. शिवाजीराजांनी शेवटच्या काळात एकाच दिवशी सतरा मुलींशी लग्नं लावली होती. त्या मुलींची नावं कोणत्याही कुलवृत्तांतात कुणी मानानं लिहिली असती का, मला शंका आहे. मालमत्तेचा प्रश्न आला म्हणून राण्यांचं अस्तित्व कागदावर उमटलं.

राजघराण्याची गोष्ट मुद्दाम आधी सांगितली, कारण सामान्य घरांत तेच घडतं, फक्त लहान अक्षरात. एग्मोरला मी सर्वांत जास्त वेळ ज्या वह्यांसमोर घालवते त्या इनाम रजिस्टरच्या. मद्रास इलाख्यात १८५८ साली इनाम कमिशन बसलं. गावोगावची इनामं तपासायची, खरी कोणती, खोटी कोणती, कुणाला थोडा सारा घेऊन कायम करायची, हे त्याचं काम. प्रत्येक इनामाला एक ओळ. मोठ्या आडव्या पानावर रकाने आहेत: जमीन किती, कशासाठी दिली, कुणी दिली, कोणत्या साली, मूळ इनामदार कोण, जुन्या हिशेबात कुणाचं नाव आहे, आत्ता उपभोग कोण घेतो, त्याचं वय, राहण्याचं ठिकाण, आणि मूळ इनामदाराशी त्याचं नातं.

वंशावळ शोधणाऱ्याला या शेवटच्या रकान्याचं मोल कळायला वेळ लागत नाही. एका ओळीत तीन-तीन पिढ्या, वयासकट. पण इथेच हात आखडता घ्यावा लागतो. इनाम बहुतेक वेळा वंशपरंपरेनं चालायचं; वंश खुंटला की सरकारजमा होण्याची भीती. दत्तकाचं काय होणार याची धास्ती तर १८५५नंतर तंजावर जिल्ह्यात घराघरात होती. अशा वेळी अधिकाऱ्यासमोर उभा राहिलेला माणूस आपल्याला औरस सांगेल की दत्तक? मेहुण्याचा मुलगा वाढवला असेल तर तो काय सांगेल? म्हणून त्या रकान्यात 'मुलगा' असं दिसलं की मी कुटुंबाला तेवढंच सांगते: १८६०च्या दशकात त्यानं मुलगा म्हणून नाव लावलं. त्यापलीकडे जायचं तर दुसरा कागद हवा, खटल्याचा किंवा अर्जाचा. असा दुसरा कागद निघाला आणि त्यात दत्तकविधान आढळलं, की काही मंडळींचा चेहरा उतरतो. मला ते मनापासून खटकतं. दत्तक आलेल्या मुलानं त्या घरची श्राद्धं केली, कर्जं फेडली, जमीन राखली. घर त्याच्यामुळे चाललं. रक्ताची रेघ तुटली म्हणून घराणं तुटत नाही, हे धर्मशास्त्रानंही मानलेलं आहे.

आता थोडं नावांविषयी, कारण तिथे बहुतेकांचा शोध अडतो. मद्रास इलाख्यात राहून मराठी घरांनी आडनाव सोडून दिलं आणि पुढे एक-दोन आद्याक्षरं आली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव आपल्याला ठाऊक आहेत. त्यातला टी म्हणजे तंजावर. त्यांचे चुलतभाऊ दिवाणबहादूर आर. रघुनाथराव. सख्खे चुलतभाऊ, दोघांची आद्याक्षरं वेगळी. नावावरून कोण म्हणेल एक घर? त्यात इंग्रज कारकुनांनी राव हे रो असं लिहिलं, बाईचं बोयी केलं. कामाक्षीबाईसाहेब हे नाव प्रिव्ही कौन्सिलच्या छापील निकालात 'कामाची बोये साहबा' असं आहे. सूचीत नेमकं स्पेलिंग शोधत बसलात तर तुमची पणजी तुम्हाला कधीच भेटायची नाही. नाव मोठ्यानं उच्चारायचं आणि परक्या कानाला ते कसं ऐकू आलं असेल याचा विचार करायचा.

तारखांचं तसंच. इनामाच्या कागदांत फसली साल येतं. दक्षिणेत त्यात ५९० मिळवले की इसवी सन. मोडी कागदावर शक असतो, त्यात ७८ मिळवायचे, किंवा सुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६००. संवत्सराचं नुसतं नाव असलं तर साठ वर्षांचा घोळ. आजोबा नातवाच्याही नंतर जन्मलेले दाखवणाऱ्या वंशावळी मी पाहिल्या आहेत; त्यातल्या बऱ्याच अशाच कुठेतरी फसलेल्या होत्या.

मोडीचा उल्लेख झाला म्हणून सांगते. तंजावरच्या राजदफ्तराची तेराशेच्यावर मोडी बंडलं सरस्वती महाल ग्रंथालयाची आहेत, आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं त्यातल्या निवडक कागदांचे तमिळ अनुवाद छापले आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदभर शिरोरेघ ओढतो आणि तिच्याखाली अक्षरं सोडत जातो, बोरू शक्यतो न उचलता. शब्द सुटे नसतात. एक नाव कुठे संपलं आणि पुढचं कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. मराठी दफ्तरात बापाचं नाव जोडायला 'बिन' आणि नवऱ्याचं जोडायला 'कोम' येतं. ती दोन छोटी अक्षरं चुकली की बायकोची मुलगी होते. तमिळनाडूत वाढलेल्या मराठी तरुणांपैकी फार थोडे मोडी वाचतात, आणि महाराष्ट्रातले मोडी जाणणारे तंजावरपर्यंत क्वचित पोचतात. इथे या सभागृहात मोडी वाचणारे कुणी असतील तर त्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

कारण त्या बंडलांत नुसते राजे नाहीत. रोजचे खर्च आहेत, पगार आहेत, धर्मादाय आहे. ज्यांच्याकडे ना इनाम ना गादी, त्यांचं नाव सापडलं तर अशाच ठिकाणी सापडतं. तंजावरजवळचं ओरत्तनाडू घ्या. तिथलं छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, सरफोजींनी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ बांधलं. ती त्यांची लग्नाची राणी नव्हती. वंशावळीत अशा स्त्रीला रकाना नसतो. पण तिच्या नावानं चाललेल्या छत्रात वाटसरूंना जेवण मिळत होतं, आणि जेवणाला खर्च लागतो, खर्चाला हिशेब लागतो.

१८५५नंतर वाड्यावर अवलंबून असलेल्या माणसांना सरकारनं पेन्शनी दिल्या. त्या निमित्तानं इंग्रजीत याद्या झाल्या, पत्रव्यवहार झाला. दासी, खिजमतगार, वाजंत्री, वाड्यातल्या नाटकशाळा म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रिया. या याद्या मी इनाम रजिस्टरइतक्याच, कधीकधी त्याहून जास्त, आदरानं उघडते. इतरांच्या नोंदी कशा झाल्या तेही पाहा. मद्रासच्या किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये १६८० सालापासूनची लग्नं नोंदलेली आहेत. कंपनीचा अधिकारी एलाइहू येल याचं लग्न आहे, १७५३चं रॉबर्ट क्लाइव्हचं आहे. चर्चच्या नोंदींच्या नकला इंग्रजांच्या काळात लंडनला जात, म्हणून आज तिकडचा माणूस घरबसल्या खापरपणजोबांचा बाप्तिस्मा शोधतो. १८६०च्या ऑक्टोबरात ट्रुरो जहाज मद्रासहून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत पहिले करारबद्ध मजूर घेऊन गेलं; त्या मजुरांचं नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण असं सगळं लिहिलं गेलं, आणि त्यांची दक्षिण आफ्रिकेतली पणतवंडं त्या क्रमांकावरून गावाचा माग काढतात. त्या नोंदीही प्रेमानं झालेल्या नाहीत. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून झाल्या. वाड्यातल्या दासीची नोंद पेन्शन बंद कधी करायची हे कळावं म्हणून झाली. तरी तिचं नाव आहे.

असंच एक कुटुंब सध्या माझ्याकडे येतं. घरात सांगत आले की आम्ही सरदारांचे. सरदाराचा कागद निघाला नाही. निघाली ती एका स्त्रीची पेन्शन, तिच्या पश्चात मुलाला ती चालू ठेवावी असा अर्ज, आणि अर्जावर मुलाच्या बापाच्या नावाची जागा मोकळी. मुलाचं नाव, पेठ आणि धंदा कुटुंबाच्या माहितीशी तंतोतंत जुळतात. धाकट्या पिढीतल्या मुलींचं म्हणणं, वंशावळीच्या शिरोभागी त्या बाईंचं नाव छापा. थोरले काका म्हणतात, नाव खाली कुठेतरी घ्या, वर 'मूळ पुरुष अज्ञात' असं लिहा. माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे: दफ्तरात ज्यांचं नाव आहे त्या बाई आहेत, घर त्यांच्या पेन्शनीवर उभं राहिलं, आणि जो कागदावर नाही त्याच्यासाठी वरची जागा राखून ठेवायला मला काही आधार दिसत नाही. काकांनी विचार करायला दिवाळीपर्यंत मुदत मागितली आहे. तोवर मी पुढच्या सालांच्या पेन्शन याद्या पाहते आहे, त्या बाईंच्या बहिणीचं काय झालं ते शोधायला.