ताळेबंद वाचणारी माणसं



बारावीचा निकाल लागला की कॉमर्सची मुलं विचारतात, बिझनेस इकॉनॉमिक्स आणि फायनान्स घेऊन पुढे काय? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दलाल स्ट्रीट असते. तिथे काम आहेच. पण या विषयाची खरी गरज मला दिसते ती साखर कारखान्याच्या हिशेबात.

ऊस येतो गळीत हंगामाच्या चार-पाच महिन्यांत. कायद्याप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, द्यायची. साखर मात्र वर्षभर विकायची, तीही केंद्राने महिन्याचा कोटा ठरवून दिला असेल तेवढीच. गोदाम भरलेलं आणि हातात रोकड नाही! मग बँक साखरेच्या पोत्यांवर मालतारण कर्ज देते. भाव उतरला की तारणाची किंमत उतरते, उचल कमी मिळते, व्याज मात्र चालूच राहतं. कागदावर नफ्यात असलेला कारखानाही इथे अडकतो आणि उसाचं बिल थकतं. ही अडचण दोन महिने आधी ताळेबंदात ओळखणारा माणूस कारखान्यातही हवा आणि बँकेतही.

अर्थशास्त्र आणि कारखाना दोन्ही जाणणाऱ्या माणसाचं उदाहरण म्हणजे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. ते केंब्रिजला शिकले. १९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. हेच गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. विद्वत्ता आणि उसाचं बिल त्यांनी वेगळं मानलं नाही, याचा मला फार आदर वाटतो.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर बँकांचे कर्ज विभाग, पतमानांकन संस्था, विमा कंपन्या, रिझर्व्ह बँक, नाबार्ड. बिझनेस इकॉनॉमिक्सच्या पदव्युत्तर पदवीवर भारतीय अर्थसेवेची परीक्षाही देता येते, हे अनेकांना माहीत नसतं. मात्र संख्याशास्त्र टाळू नका. मुलाखतीत आकडा पाठ आहे की नाही, हे कुणी फारसं विचारत नाही. तो का बदलला, ते विचारतात.

घरात कुणी कारखान्याचे सभासद असतील, तर वार्षिक सभेआधीचा अहवाल त्यांच्याकडून मागून घ्या. शिल्लक साखरेची किंमत आणि मालतारण कर्ज, हे दोन आकडे शोधा. मागच्या वर्षीचे आकडेही तिथेच शेजारच्या रकान्यात छापलेले असतात.